दप्तराचा तांडेल

थळच्या बंदरावर संध्याकाळीं उभें राहिलें म्हणजे समोर पाण्यांत दोन बेटें दिसतात. अलीकडचें सखल तें उंदेरी, पलीकडचें उंचवट्याचें तें खांदेरी. खांदेरीवर १८६७ सालीं बांधलेलें दीपगृह आहे. परंतु दिवा असला तरी किनाऱ्यालगतच्या खडकांतून होडी बाहेर काढावयाची ती तांडेलाच्याच भरंवशावर. कोणत्या तिथीला कोठें किती पाणी असतें, कोणता खडक भरतीच्या वेळीं झांकला जातो, कोठें सुकाणूं फिरवावें आणि कोठें नुसतें थांबून राहावें, हें सारें तांडेलाच्या डोक्यांत असतें. तें त्यानें बापापासून घेतलेलें असतें, आणि कागदावर उतरवून द्या म्हटलें तर त्याला तें पुरतें उतरवतां येणार नाहीं.

या ज्ञानाची किंमत एकदां फार मोठी ठरली. इ. स. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें खांदेरीवर तटबंदीचें काम काढलें. मुंबईच्या तोंडाशीं मराठ्यांचा किल्ला होणें इंग्रजांना परवडणारें नव्हतें. त्यांनीं जहाजें पाठविलीं. १९ सप्टेंबरच्या चकमकींत त्यांचा लेफ्टनंट थोर्प मारला गेला, आणि १८ ऑक्टोबरच्या मोठ्या झुंजींत त्यांचें ‘डव्ह’ नांवाचें जहाज मराठ्यांच्या हातीं लागलें. कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ जहाजानें कसाबसा टिकाव धरला. इंग्रजांच्या तोफा भारी होत्या. तरी किनाऱ्यावरून निघणारीं लहान गलबतें रात्रीच्या अंधारांत त्यांना चुकवून बेटावर धान्य, माणसें आणि दारूगोळा पोंचवीतच राहिलीं. ज्यांना पाणी ठाऊक होतें ते पोंचत होते. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तह करून माघार घेतली. २०२५ सालीं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांत हें खांदेरी आहे.

आजचा माझा विषय मात्र समुद्राचा नाहीं, दप्तराचा आहे. मीं आतां जी हकीकत सांगितली, ती मला कशी कळली? मुंबई आणि सुरत येथल्या वखारींचीं पत्रें जपून ठेवलेलीं आहेत, त्यांतल्या तारखा अभ्यासकांनीं शोधून काढल्या, म्हणून. पण पत्र जपून ठेवलें म्हणजे तें सांपडतें, असें नाहीं. सांठविलेल्या कागदांत आणि विचारणाऱ्या माणसांत कोणीतरी मध्यस्थ उभा असावा लागतो. त्याला पाणी ठाऊक असावें लागतें. या मध्यस्थाचा इतिहास हा आजचा विषय आहे, आणि त्याला निमित्त एका बातमीचें आहे.

२०२० सालापासून दरवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत संगणकाच्या जगांत ही बातमी ठरल्याप्रमाणें येते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘एन्टिटी फ्रेमवर्क कोअर’ या साधनाची नवी आवृत्ति प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०२५ मध्यें तिचा क्रमांक दहा होता. वर्तमानपत्रें ही बातमी सहसा छापीत नाहींत. संगणकाचे प्रोग्रॅम रचणारे लोक ती वाचतात, दोन दिवस आपसांत चर्चा करतात आणि कामाला लागतात. घरोघरच्या वाचकांना तिच्याशीं काय कर्तव्य, असें कोणीहि म्हणेल. परंतु बँकेचें खातें, रेल्वेचें तिकीट, रुग्णालयांतला केसपेपर, शेताचा सातबारा, यांपैकीं कांहींहि आपण मागितलें कीं यंत्राच्या पोटांतल्या दप्तराला, म्हणजे डेटाबेसला, प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न आपण विचारीत नाहीं, आणि पुष्कळदां प्रोग्रॅम रचणाराहि स्वतः विचारीत नाहीं. त्याच्या वतीनें असें एखादें फ्रेमवर्क विचारतें. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर तो यंत्रांतला दप्तर-कारकून आहे, आणि नवी आवृत्ति म्हणजे त्या जागीं आलेला नवा कारकून.

जुना कारकून कसा होता? पेशव्यांच्या दप्तरांत कागद रुमालांत बांधलेले असत. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा. त्यांत कागदांचा गठ्ठा बांधून वर चिठ्ठी लावावयाची. अक्षर मोडी, बहुधा जलद लिहिलेलें. अमुक सालचा अमुक महालाचा हिशेब पाहिजे म्हटलें तर यादी थोडीबहुत उपयोगीं पडे. बाकी सारें कारकुनाच्या स्मरणावर. कोणता रुमाल कोणत्या फळीवर, कोणाचें अक्षर कसें, कोणत्या घराण्याचे कागद चुकून कोणत्या गठ्ठ्यांत गेले आहेत, हें त्याला ठाऊक असे. तो रजेवर गेला कीं दप्तर जागच्या जागीं असूनहि बंद पडे.

१८१८ नंतर हें दप्तर इंग्रजांच्या हातीं आलें. पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां याच रुमालांना एक नवा प्रश्न विचारण्यांत आला: तुमचें इनाम कोणत्या आधारानें चालतें तें दाखवा. कागद तेच होते, कारकूनहि पुष्कळ अंशीं तेच. प्रश्न विचारणारा तेवढा बदलला, आणि त्यामुळें कित्येक घराण्यांचीं इनामें गेलीं. आपल्या किनाऱ्यावर तर यापूर्वींच, १८४० सालीं, आंग्र्यांचें कुलाबा संस्थान दत्तक नामंजूर करून खालसा झालें होतें. त्याचा मुलूख कंपनीच्या महसुली व्यवस्थेंत आला, १८६९ मध्यें कुलाबा जिल्हा झाला, आणि १९८१ सालीं त्याचें नांव रायगड झालें. थळचा शेतकरी या सर्व काळांत त्याच वाडींत माड शिंपीत होता. त्याच्या वाडीचा कागद मात्र एका फडांतून दुसऱ्या फडांत जात राहिला.

इतिहासाच्या अभ्यासकांना पुण्याचें दप्तर फार काळ मोकळेपणानें पाहावयास मिळालें नाहीं. कांहीं मोजक्यांना परवानगी मिळाली. राजवाड्यांनीं तर सरकारी दप्तराचा नाद सोडून घराघरांतल्या पेट्या आणि माळे धुंडाळले, आणि १८९८ पासून आपले साधनांचे खंड काढले. पेशवे दप्तराचे निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. एका निवृत्त अध्यापकानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं हजारों रुमाल उघडून पाहिले म्हणून आज पुण्याला न जातां कोणालाहि ते कागद वाचतां येतात. परंतु ‘निवडक’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. सरदेसायांनीं जे प्रश्न मनांत धरले त्यांचीं उत्तरें त्या खंडांत आहेत. जे धरले नाहींत, त्यांचीं अद्याप रुमालांतच आहेत.

आतां यंत्राकडे वळूं. संगणक दप्तर सांभाळूं लागला तो १९६० नंतरच्या दशकांत, आणि नवल असें कीं त्याचें पहिलें दप्तरहि रुमालांच्याच पद्धतीनें बांधलेलें होतें. अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनींत चार्ल्स बॅकमन नांवाच्या अभियंत्यानें एक व्यवस्था रचली. तींत एका नोंदीला दुसरीचा पत्ता जोडलेला असे, दुसरीला तिसरीचा. गिऱ्हाइकाच्या नोंदीवरून त्याच्या मागणीकडे, मागणीवरून मालाकडे, असें दुव्यादुव्यानें पुढें जावयाचें. या कामाबद्दल बॅकमनला १९७३ सालीं संगणकशास्त्रांतला सर्वांत मोठा गणला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळीं त्यानें जें व्याख्यान दिलें त्याचा विषय, मराठींत सांगावयाचा तर, ‘प्रोग्रॅम रचणारा हाच तांडेल’ असा होता. इंग्रजींतला त्याचा शब्द नौकेचा मार्ग काढणाऱ्या माणसाचाच आहे. मीं थळच्या बोलींतला घातला, एवढेंच. दप्तर हा समुद्र आहे आणि प्रोग्रॅमरानें त्यांतून वाट काढीत जावयाचें आहे, ही त्याची कल्पना. तींत एक प्रकारचा अभिमानहि आहे, आणि तो मला समजतो. थळच्या तांडेलालाहि तो असतो.

परंतु यापूर्वींच, जून १९७० मध्यें, एका शास्त्रज्ञानें असें म्हणून ठेवलें होतें कीं उतारूला खडक ठाऊक असण्याची गरज नाहीं. त्याचें नांव एडगर कॉड. जन्मानें इंग्रज, दुसऱ्या महायुद्धांत विमान चालविलेला, आणि पुढें अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथल्या प्रयोगशाळेंत काम करणारा हा गणिती होता. त्याचा निबंध लहान आहे, पण त्यांतल्या एका विचारावर आजचीं बहुतेक यांत्रिक दप्तरें उभीं आहेत. तो विचार असा: सर्व माहिती साध्या तक्त्यांत, ओळी आणि रकाने पाडून लिहावी. एक गोष्ट शक्यतों एकदांच लिहावी. दोन तक्त्यांतला संबंध नोंद कोठें ठेवली आहे यावरून नव्हे, तर तींत काय लिहिलें आहे यावरून जोडावा. आणि विचारणाऱ्यानें काय पाहिजे तेवढेंच सांगावें. तें कोणत्या वाटेनें आणावयाचें हें यंत्रानें ठरवावें.

शेवटच्या कलमांत खरी क्रांति होती. तांडेलाचें काम नाहींसें झालें नाहीं; तें यंत्राच्या आंत गेलें. १९७४ सालीं मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर येथें बॅकमन आणि कॉड यांच्या पक्षांत समोरासमोर वाद झाला. त्याच वर्षीं आयबीएममधल्या डोनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनीं तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच पुढें एसक्यूएल म्हणून जगभर पसरली. बॉइस बिचारा त्याच वर्षीं ऐन तारुण्यांत वारला. १९७९ मध्यें पॅट्रिशिया सेलिंजर आणि तिच्या सहकाऱ्यांनीं, विचारलेल्या प्रश्नाला सर्वांत थोड्या श्रमांत उत्तर कोणत्या वाटेनें मिळेल याचा हिशेब यंत्रानें कसा करावा, तें दाखवून दिलें. खडक, भरती आणि वारा यांचा अंदाज घेणारा तांडेल आतां गणितांत उतरला होता.

एवढ्यावर गोष्ट संपावयास हवी होती. ती संपली नाहीं, याचें कारण सातबाऱ्याच्या उदाहरणानें सांगतों.

समजा, थळच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीचा उतारा आपल्यापुढें आहे. आपल्याला तो एक कागद दिसतो: वर गट क्रमांक, मग क्षेत्र, मग आठ वारसांचीं नांवें, त्यांच्यासमोर खाते क्रमांक, बाजूला इतर हक्क, खालीं पीक. यंत्राच्या दप्तरांत असा एक कागद कोठेंच नसतो. जमिनीचा तक्ता वेगळा, खातेदारांचा वेगळा, फेरफारांचा वेगळा, पिकांचा वेगळा. कॉडच्या नियमाप्रमाणें तें बरोबरच आहे. नाहींतर एका वारसाचें नांव सुधारावयाचें तर दहा ठिकाणीं सुधारावें लागेल आणि एक ठिकाण राहून जाईल. परंतु १९८० नंतर प्रोग्रॅम लिहिण्याची जी रीत रूढ झाली, तींत प्रोग्रॅमरालाहि आपल्यासारखाच अखंड उतारा डोळ्यांपुढें पाहिजे असतो: ‘वाडी’ ही एक वस्तु, तिचे ‘मालक’, तिचें ‘पीक’. दप्तराची मांडणी एक, विचाराची मांडणी दुसरी. या दोहोंचा सांधा जुळविण्यांत प्रोग्रॅमरांचे दिवसचे दिवस जाऊं लागले. तेच तेच प्रश्न लिहावयाचे, आलेल्या ओळी पुन्हा एकत्र शिवावयाच्या. या शिवणकामाला कंटाळून गॅव्हिन किंग नांवाच्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरानें २००१ सालीं ‘हायबरनेट’ नांवाचें फ्रेमवर्क बाहेर काढलें. मायक्रोसॉफ्टनें आपलें ‘एन्टिटी फ्रेमवर्क’ २००८ मध्यें काढलें.

त्याचें स्वागत कसें झालें तें ऐकण्यासारखें आहे. त्याच वर्षीं अनेक नामांकित प्रोग्रॅमरांनीं एक जाहीर पत्रक काढून त्यावर सह्या केल्या. कायदेमंडळांत मंत्रिमंडळाविरुद्ध जसा अविश्वासाचा ठराव येतो, तसाच तो ठराव होता, आणि त्याचें नांवहि तेंच होतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं हा नवा कारकून स्वतःच्याच पद्धती आमच्यावर लादतो. मला तो रोष रास्त वाटतो. सरकारी कचेरींत एखादा नवा अंमलदार येऊन पहिल्याच दिवशीं सर्व फळ्या आपल्या मनाप्रमाणें लावूं लागला म्हणजे जुन्या माणसांना जें वाटतें, तेंच हें. कंपनीनें पुढली आवृत्ति २०१० मध्यें काढली आणि तिला एकदम चौथी म्हटलें. दुसरी आणि तिसरी निघालीच नाहीं. २०१६ सालीं तर सर्व काम मुळापासून नव्यानें लिहून तें ‘कोअर’ या नांवानें पुन्हा एक क्रमांकापासून सुरू केलें. आजची दहावी आवृत्ति या दुसऱ्या जन्मांतली आहे.

हा कारकून काम कसें बिघडवतो याचें एक उदाहरण सर्व प्रोग्रॅमरांच्या परिचयाचें आहे. गांवांतल्या शंभर गटांची यादी आणि प्रत्येकाच्या मालकांचीं नांवें पाहिजेत. शहाणा कारकून एकदां माळ्यावर जाऊन दोन्ही वह्या खालीं आणील आणि ताडून यादी करील. आळशी पण आज्ञाधारक कारकून आधीं गटांची वही आणतो. मग पहिल्या गटाच्या मालकासाठीं पुन्हा माळ्यावर जातो, दुसऱ्यासाठीं पुन्हा. एका प्रश्नाला एकशें एक फेऱ्या. यादी शेवटीं बरोबर निघते. म्हणून चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. खिडकीशीं रांग वाढते आणि लोक यंत्राला बोल लावतात. नवी आवृत्ति आली म्हणजे जाणते लोक आधीं हेंच पाहतात: कोणते प्रश्न एका फेरींत मिटतात, आणि कारकुनानें दप्तराला जो प्रश्न घातला तो आपल्याला वाचतां येतो किंवा नाहीं.

दुसरी चूक याहून वाईट आहे, कारण ती वेळ खात नाहीं, माणूस खाते. आपल्या वाडीच्या आठ वारसांत एक बहीण आहे, लग्न होऊन उरणला गेलेली. समजा, तिचें नांव खातेदारांच्या तक्त्यांत आहे, पण पत्त्यांच्या तक्त्यांत तिची ओळ नाहीं. प्रोग्रॅम रचणाऱ्यानें कारकुनाला सांगून ठेवलें आहे कीं प्रत्येक खातेदाराला पत्ता असतोच. मग कारकून दोन तक्ते ताडून पाहतो आणि ज्याला पत्ता सांपडत नाहीं, त्याची ओळच सोडून देतो. कागदावर सात नांवें येतात. दप्तरांत आठ आहेत. कारकून खोटें बोललेला नाहीं. त्याला जें गृहीत धरावयास सांगितलें तें त्यानें धरलें. नवीन आवृत्तींत अशा गृहीतांचे नियम कोठें बारकाव्यानें बदलतात, तें टिपून ठेवणें हेंच प्रोग्रॅमराचें खरें काम आहे, आणि तें कंटाळवाणें असल्यामुळें पुष्कळदां राहून जातें.

सात आणि आठ यांत फरक किती पडतो हें अलीबाग तालुक्याला शिकवावें लागत नाहीं. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला आणि १९१३ मध्यें तो महसुलाच्या मूळ कायद्यांत सामील झाला. त्यांतून पुढें गांव नमुना सात आणि बारा आले. पण दप्तरांत नांव कोणाचें, हा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. याच तालुक्यांतल्या खारेपाटांत, चरी गांवीं, २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांच्या विरुद्ध संप पुकारला. शेतें ओस ठेवून, लांकूडफाटा विकून आणि मजुरी करून त्या कुटुंबांनीं तो १९३९ पर्यंत चालविला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळाची कबुलायत खोताच्या पेटींत असे. कुळाच्या हातीं कागद नसे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९३९ च्या कूळकायद्यानें ‘संरक्षित कूळ’ हें नांव कायद्यांत आणलें, १९४८ च्या कायद्यानें तें बळकट केलें, आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्याला मालक ठरविणारा दिवस झाला. त्या दिवशीं कोणाचें नशीब उघडणार हें पुष्कळ अंशीं एका रकान्यावर अवलंबून होतें: कुळाचें नांव तेथें लिहिलेलें होतें किंवा नव्हतें.

पुढें थळलाच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खताचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि १९८५ सालीं सुरू झाला. अशा कामासाठीं जमीन संपादन करतांना नोटीस कोणाला जावयाची आणि मोबदला कोणाला द्यावयाचा, याचा पहिला आधार हक्कनोंदणीच असते. उताऱ्यावर नांव नसलेल्या माणसाला आधीं आपलें असणें सिद्ध करावें लागतें, मग आपला हक्क.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिचें १५७ वें कलम असें सांगतें कीं हक्कनोंदणींतली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. ही तरतूद आवश्यकच आहे. तिच्याशिवाय एकहि व्यवहार पुरा होणार नाहीं. पण तिचा अर्थ असाहि होतो कीं चुकीच्या नोंदीचें ओझें ज्याच्यावर चूक झाली त्याच्याच डोक्यावर असतें. १५५ वें कलम लेखनांतल्या चुका दुरुस्त करण्याचा मार्ग ठेवतें. १५० व्या कलमाप्रमाणें फेरफाराची नोंद झाली कीं तलाठ्यानें ती चावडीवर लावावयाची, संबंधितांना कळवावयाचें, आणि हरकतीसाठीं पंधरा दिवस द्यावयाचे. हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहींत चढते. जुन्या लोकांनीं ठरविलेले हे पंधरा दिवस मला फार शहाणपणाचे वाटतात. तेवढ्या मुदतींत उरणची बहीण माहेरीं येऊन चावडीवरचा कागद पाहूं शकते.

सातबारा संगणकावर आणण्याची खटपट केंद्र सरकारच्या योजनेखालीं १९८८-८९ पासून देशभर सुरू झाली. महाराष्ट्रांत १ मे २०१८ रोजीं डिजिटल सहीचा सातबारा लोकांना मिळूं लागला. २०२० सालीं उताऱ्याचा नमुनाहि सुधारला. ज्यानें एका उताऱ्यासाठीं एस. टी. नें तालुक्याला खेपा घातल्या आहेत, त्यालाच या सोयीचें मोल कळेल. मुंबईंत गिरणगांवांत वाढलेल्या थळकऱ्यानें रात्रीं घरीं बसून आजोबांच्या वाडीचा उतारा काढावा, ही गोष्ट माझ्या लहानपणीं कोणाला सांगितली असती तर त्यानें हंसून सोडून दिली असती. तलाठ्याच्या मर्जीवर असलेलें दार आतां उघडें आहे, आणि तें उघडलें हें फार चांगलें झालें.

फरक इतकाच कीं पूर्वीं कारकुनानें चूक केली तर त्याला विचारतां येत असे. “भाऊसाहेब, माझ्या बहिणीचें नांव गळलें हो,” असें म्हटलें कीं तो, थोडा कुरकुरत कां होईना, वही काढून पाही. यंत्राच्या पोटांतला कारकून कोणाला दिसत नाहीं. खिडकीवरचा माणूस प्रामाणिकपणें सांगतो कीं संगणकावर सातच आहेत. तोहि त्याच कारकुनाच्या तोंडाकडे पाहत असतो. म्हणून त्या कारकुनाची नवी आवृत्ति बसविण्यापूर्वीं जुने शंभर उतारे जुन्या व नव्या अशा दोन्ही रीतींनीं काढून ओळीशीं ओळ ताडून पाहावी, हा नियम प्रोग्रॅमरांचें खासगी शास्त्र म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. जाणकार लोक तो पाळतात. घाईच्या कामांत तो पहिल्यानें कापला जातो.

आणि कांहीं प्रश्न असे आहेत कीं ते कोणत्याच आवृत्तीला विचारतां येत नाहींत, कारण त्यांचीं उत्तरें अजून तक्त्यांत उतरलेलींच नाहींत. २०२३ सालीं मराठवाड्यांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली. पुढें हा शोध राज्यभर पसरला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकाएकीं मोडी वाचणाऱ्यांची चणचण भासूं लागली. महसुलाचीं जुनीं पत्रकें, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांचे दाखले, यांत लाखों माणसांचीं नांवें मोडींत पडून होतीं. त्या कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं यंत्रांत ठेवतां येतात. परंतु छायाचित्र म्हणजे तक्ता नव्हे. तें वाचून रकान्यांत उतरवीपर्यंत कॉडचा नियमहि मुका आणि एन्टिटी फ्रेमवर्कहि मुकें.

आपल्या वाडीचे ते आठ वारस जर कधीं एकत्र बसले, तर त्यांच्यापैकीं कोणीतरी पणज्याच्या पेटींतला एक पिवळा कागद नक्कीच काढील. त्यावर आंग्र्यांच्या वेळचा किंवा नंतरचा कांहीं मजकूर असेल, चतुःसीमा लिहिलेल्या असतील: पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस समुद्र. नव्या सातबाऱ्यावर चतुःसीमा नसतात. कागद हातोहात फिरेल, कोणालाच वाचतां येणार नाहीं, आणि मग अलीबागेस मोडी वाचणारें अजून कोण आहे, याची चौकशी सुरू होईल.